भिंतींचा हिशोब

आमच्याकडे हॉलमध्ये वायफायची रेंज फुल्ल, आणि आतल्या खोलीचं दार लावलं की गायब! अशा दारांचा हिशोब नेटवर्कवाल्यांनी बराच उशिरा मांडला. त्याचीच ही गोष्ट.

अ‍ॅड-हॉक नेटवर्कमध्ये टॉवर नसतो. प्रत्येक यंत्र दुसऱ्याचा निरोप पुढे ढकलतं. रस्ता कोणता निवडायचा? १९९४ चा डीएसडीव्ही काय, १९९६ चा डीएसआर काय, दोघांचंही उत्तर एकच: कमीत कमी टप्पे. सिम्युलेशनमध्ये ते छान चाललंही.

मग एमआयटीच्या मंडळींनी ऑफिसच्या पाच मजल्यांवर २९ पीसी मांडले. निकाल २००३ साली आला. एकही पीसी जागचा हलत नव्हता, तरी नियम फसला! कमी टप्पे म्हणजे लांब उड्या, आणि लांब उडीत पॅकेट्स गळतात. जाताना निम्मी पॅकेट्स आणि येताना निम्म्या पोचपावत्या हरवल्या, तर एकेक पॅकेट सरासरी चारदा पाठवावं लागतं. त्यापेक्षा दोन धड टप्पे परवडले. म्हणून त्यांनी टप्प्यांऐवजी हे 'कितीदा'च मोजलं. त्याचं नाव ईटीएक्स.

असो. "माझ्या मशीनवर तर चालतंय" असं कुणी म्हणालं, की मला हे पाच मजले आठवतात.