आकारभेद आणि कालभेद : स्वच्छमंडलातील कोशिकांच्या नामकरणाचा इतिहास

जुन्नरच्या मानमोडी डोंगरात महाक्षत्रप नहपानाचा वत्सगोत्री अमात्य अयम याने केलेल्या पोढी व मंडपाच्या दानाचा लेख आहे. त्यात वर्ष ४६ असा निर्देश असल्यामुळे आसपासच्या तिथिविरहित ब्राह्मी लेखांचा कालक्रम लावताना तो आधारभूत ठरतो. बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ साली पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख प्रसिद्ध केले. अशा लेखांच्या कालनिर्णयात अक्षरवटिकेला मोठे महत्त्व आहे. तथापि प्रत्येक आकारभेद हा कालभेदच असतो असे नाही. कोरणाऱ्याच्या हातानेही अक्षराचे वळण बदलते.

हाच प्रश्न नेत्रविज्ञानाच्या इतिहासातही उद्भवला. १८६८ साली पॉल लँगरहान्स या बर्लिनमधील वैद्यकाच्या विद्यार्थ्याने सुवर्णक्षाराच्या साहाय्याने त्वचेतील शाखायुक्त कोशिका पाहिल्या आणि आकारावरून त्या मज्जासंस्थेच्या असाव्यात असे अनुमान केले. त्या प्रतिरक्षेच्या आहेत हे पुढील शतकात निश्चित झाले. १९७३ साली स्टाइनमन व कोन यांनी उंदराच्या प्लीहेतील अशाच एका जातीला नाव दिले, तेही तिच्या शाखांवरूनच.

मार्व्हिन मिन्स्की यांनी १९५७ साली ज्याच्या एकस्वासाठी अर्ज केला, त्या कॉन्फोकल सूक्ष्मदर्शनाच्या तत्त्वामुळे पुढे जिवंत डोळ्यातील स्वच्छमंडल थेट पाहता येऊ लागले. परंतु येथे रंजकद्रव्य वापरता येत नाही. सुमारे ४०० मायक्रॉन लांबीरुंदीच्या करड्या चित्रात केवळ तेजस्वी आकृती दिसतात. तेव्हा शाखाहीन कोशिकांना ‘अपक्व’ व दीर्घ शाखांच्या कोशिकांना ‘पक्व’ म्हणण्याचा प्रघात पडला. ही विशेषणे वर्णनात्मक भासली, तरी त्यांच्या पोटी एक सिद्धांत दडलेला होता : दोन्ही आकृती एकाच जातीच्या वयाच्या दोन अवस्था होत. शिवाय शाखा कशास म्हणावे व लांबी कोठून मोजावी याविषयी एकवाक्यता नसल्याने एकाची गणना दुसऱ्याच्या गणनेशी जुळेना.

२०२३ साली मेलबर्न येथील संशोधकांनी एकाच स्थळाची चित्रे ठराविक अंतराने घेऊन कोशिकांची हालचाल तपासली. लहान, शाखाहीन व चपळ कोशिका या टी-लसिका कोशिका असल्याचे त्यांनी प्रतिपादले. म्हणजे ज्यास बाल्य समजले गेले ते निराळे कुल होते. आकृतीला गतीची जोड मिळाली, आणि स्वच्छमंडलाला जणू आपला तिथियुक्त लेख लाभला.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. कोरडा डोळा, दाह इत्यादी विकारांत या कोशिकांची संख्या हे रोगाचे माप मानले जाते. नाव चुकले की मापाचा अर्थही चुकतो. कुकडी व घोड या नद्यांच्या खोऱ्यांतील जुन्नर-आंबेगावसारख्या उसाच्या मुलखात पाचटाचे पाते डोळ्यास लागणे ही नवलाची गोष्ट नाही. अशा जखमेतून बुरशीचा शिरकाव झाल्यास बुबुळावर फूल पडून दृष्टी जाऊ शकते. तेथे प्रतिकार कोणती कोशिका करीत आहे, हे अचूक ओळखण्यास व्यावहारिक मोल आहे.

मराठीत या विषयाची परिभाषा घडविणाऱ्यांनी यातून एक पथ्य घ्यावे. प्रथम जे दिसते तेवढेच नावात यावे : ‘शाखाहीन’, ‘ह्रस्वशाखी’, ‘दीर्घशाखी’. वय, कुल व कार्य सांगणारी पदे स्वतंत्र पुरावा मिळेपर्यंत राखून ठेवावीत. लेणीलेखांच्या अभ्यासकांना हे पथ्य अपरिचित नाही. तिथी नसेल तेथे ते प्रथम अक्षराचे वळण नोंदवतात आणि शतकाचा निर्णय त्यानंतर करतात.