थरथरीचा हिशेब

पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि साठच्या दशकातच आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को, चिंचवडला बेअरिंग बनवणारी एसकेएफ उभी राहिली. तेव्हापासून इथल्या मेंटेनन्सवाल्यांचं व्हायब्रेशनशी वैरच आहे. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाउसिंगवर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि आतली खरखर ऐकून बेअरिंग अजून किती शिफ्ट काढेल ते सांगायचं, हे मुरलेल्या फिटरचं कसब. उपायही ठरलेले: अलाइनमेंट बघा, फाउंडेशनचे बोल्ट आवळा, खाली रबरी पॅड सरकवा. आता याच थरथरीतून वीज काढता येते म्हणतात. येते, पण जे कमी करण्यात या पट्ट्याची 60 वर्षं गेली, त्यावर मिळकत मोजू नये. त्यावर फार तर यंत्राची थरथर ऐकणारा छोटा सेन्सर चालवावा; ही सोय म्हणजे फिटरच्या कानाची पुढची पायरी आहे.

काही स्फटिकांवर दाब पडला की विद्युतभार निर्माण होतो, हे क्यूरी बंधूंनी 1880मध्येच दाखवलं होतं. पण कारखान्यातल्या साध्या यंत्राच्या कंपनांतून घन सेंटिमीटरमागे चांगल्या परिस्थितीतही 200 मायक्रोवॉटच्या आसपासच हाती लागतात. म्हणजे 5 वॉटच्या एका दिव्यासाठी उपकरण हवं 25 लिटरच्या कॅनएवढं! फोर्जिंगच्या हॅमरखाली तर जमीन हादरते, असं कोणी म्हणेल. हादरते खरी, पण घाव थांबून थांबून पडतो आणि या उपकरणांना लागतात ठरावीक वारंवारितेची सलग कंपनं. मिनिटाला 1440 फेरे घेणारी मोटर तोल ढळल्यामुळे सेकंदाला 24 वेळा थरथरते. उपकरण त्या 24 हर्ट्झवर जुळवलं आणि वेग बदलला, की वीज झपाट्याने घटते. मग सेन्सरला बॅटरी काय वाईट, हा आक्षेप जास्त वजनदार. हात पोचतो तिथे बॅटरीच बरी. पण छताजवळच्या ब्लोअरवरचा सेल बदलायला लाइन थांबवावी लागली, तर सेलच्या किमतीला काही अर्थ उरत नाही. 2009मध्ये चाकणला सुरू झालेल्या फोक्सवॅगनसारख्या कारखान्यात, जिथे एक टप्पा अडला की मागचे सगळे खोळंबतात, तिथे तर नाहीच. आणि अधूनमधून एखादं माप पाठवणाऱ्या अशा सेन्सरला मायक्रोवॉटही पुरतात.

खरी अडचण निराळी. यंत्र जितकं निरोगी, तितकी सेन्सरची उपासमार. शिवाय बेअरिंगची सुरुवातीची खराबी हजारो हर्ट्झच्या बारीक कंपनांत दिसते, तर वीज मिळते जाड, संथ थरथरीतून. त्यामुळे वीज कुठे घ्यायची आणि ऐकायचं कुठे, या दोन जागा त्याच मोटरवर अनेकदा वेगवेगळ्या शोधाव्या लागतात.