बीडची खजाना बावडी आणि नगरातील सामाईक लागवड

नगरातील रहिवाशांनी एकत्र येऊन मोकळ्या जागी अथवा गच्चीवर भाजीपाला पिकवावा, हा प्रयोग हल्ली नवा म्हणून वाखाणला जातो. प्रयोग स्तुत्य खराच. परंतु त्यामागील तत्त्व आपल्या प्रांतास नवे नाही. नगरालगतच्या अनेकांच्या रानांस एकाच सार्वजनिक पाण्याचा आधार देण्याचा ठळक दाखला म्हणजे बीडची खजाना बावडी होय. तिच्यापासून काय बोध निघतो, तो येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

सदर बावडी बीड शहराच्या दक्षिणेस अदमासे ६ किलोमीटरांवर आहे. पहिला मूर्तझा निजामशहा (इ. स. १५६५ ते १५८८) याच्या कारकिर्दीत बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधविली, रचना राजा भास्कर याची, असे मानले जाते. बांधकामाचा काल हिजरी ९९१ असा दिला जातो. छापील मजकुरात मात्र कोठे इ. स. १५७२, तर कोठे १५८२ आढळते. हिजरी ९९१ चा मोहरम इ. स. १५८३ च्या जानेवारीत पडतो. तेव्हा हिजरी सन ग्राह्य धरल्यास १५८३, म्हणजे बहुतांशी शके १५०५, हेच वर्ष संभवते.

जहागीरदार वसूल घेऊन अहमदनगरास गेला असता निजामशहाने तो खजिन्यात न घेता रयतेच्या कामी लावण्यास सांगितले, आणि त्या द्रव्यातून बावडी झाली म्हणून हे नाव पडले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेस आम्ही पुराव्याचे मोल देत नाही. तथापि पाणी हा रयतेचा खजिना, ही लोकभावना तिने जपून ठेविली आहे. आपल्या धर्मशास्त्रानेही पूर्तकर्मांची गणना करताना वापी, कूप व तडाग यांच्याच पंक्तीस आराम, म्हणजे बाग, बसविला आहे. सर्वांसाठी पाणी काढणे आणि सर्वांसाठी बाग लावणे ही एकाच जातीची पुण्ये होत, असा त्याचा आशय आहे.

बावडीस तीन भुयारे आहेत. दोहोंतून पाणी आत येते व तिसऱ्यातून ते उताराने बलगुजार भागातील रानांकडे जाते. त्यासाठी मोट जुंपावी लागत नाही. भिजणारे क्षेत्र २१२ हेक्टर सांगितले जाते. एका मुखातून निघालेले पाणी इतक्या रानांस पोचवावयाचे, तर पाळी लावणे, पाटातील गाळ काढणे व तंटे तोडणे यांवाचून गत्यंतर नाही. चिरेबंदी काम एकदाच होते. ही व्यवस्था मात्र दरसाल नव्याने सांभाळावी लागते. खानदेशात पांझरेवरील फड पद्धतीत हेच दिसून येते. कोणत्या फडात कोणते पीक घ्यावयाचे ते शेतकरी मिळून ठरवीत आणि पाटकरी पाणी फिरवी. त्यामुळेच ती पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालली.

आधुनिक नगरासही हाच नियम लागू पडतो. मुंबई बंदराच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर इ. स. २००२ च्या सुमारास प्रीती पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनी ओला कचरा कुजवून त्यावर भाजीपाला व फळझाडे वाढविली. तेथे जागा कोणा एकाच्या मालकीची नव्हती; श्रम वाटून घेतले म्हणूनच बाग उभी राहिली. सारांश, सामाईक लागवडीचा जीव जागेपेक्षा पाळीत असतो. ज्या नगरसंस्था केवळ जागा नेमून देऊन थांबतील, त्यांच्या बागा वाळल्यास नवल नाही.

येथेच संग्राहकांस आमची विनंती आहे. बीडसंबंधी काझी मुहंमद फख्रुद्दीन यांचा हिजरी ११५२ मधील ‘रियाज-उल-अब्रार’ अभ्यासकांस परिचित आहे. परंतु पाणी कोणी, किती व कोणत्या क्रमाने घेतले, हे ग्रंथांपेक्षा पाळीच्या याद्या, पाटदुरुस्तीच्या वर्गणीचे हिशेब आणि वाटणीपत्रे यांतूनच कळावयाचे. असले मोडी वा फारसी-उर्दू चिटोरे सनदांच्या मानाने क्षुद्र वाटतात; आणि रान विकून त्यावर घरे उठली की ते निरुपयोगी ठरून रद्दीत जातात. असा कागद ज्यांच्या हाती येईल, त्यांनी तो टाकू नये. निदान त्याची नक्कल करून ठेवावी. बावडीचे दगड आणखी काही शतके टिकतील. कागदास तितका अवधी नाही.