कार्यसंबंध

कार्यसंबंध : दोन किंवा अधिक वस्तू, सजीव, अवयव, माणसे वा घटना एकमेकांच्या कामाला आल्यामुळे त्यांच्यात जडणारा संबंध. एक नसेल तर दुसऱ्याचे काम अडते किंवा त्याची रीत बदलते, ही त्याची खूण. नुसता शेजार म्हणजे कार्यसंबंध नव्हे. हा भेद बोलायला सोपा आहे, पण तो सिद्ध करायला प्रत्येक ज्ञानशाखेला आपापली युक्ती शोधावी लागली. त्या युक्त्या हाच या नोंदीचा विषय.

सुरुवात शेतीपासून करू. जळगाव शहराच्या पोटात गेलेले मेहरूण हे गाव बोरांसाठी आणि तलावासाठी ओळखले जाते. बागांच्या जागी वस्ती झाली, तरी उमराण, कडाका यांच्याबरोबर ‘मेहरूण’ हे नाव बोराच्या जातींच्या यादीत टिकून आहे. बोराची लागवड करताना रानबोराच्या खुंटावर हव्या त्या जातीचा डोळा भरतात. पाणी ओढायचे काम रानबोराच्या मुळांचे आणि फळ मात्र वरच्या जातीचे. खुंटालाच फुटवे आले आणि ते वाढू दिले, तर त्यांना रानबोरेच लागतात, शिवाय वरची फांदी उपाशी राहते. म्हणून माळी ते वेळच्या वेळी काढून टाकतो. झाडाचा कोणता भाग काय करतो हे शेतकऱ्याला असे काढून-ठेवूनच कळलेले असते.

बोरावरच्या फळमाशीचे प्रकरण अधिक शिकवणारे आहे. माशी वाढत्या फळाच्या सालीत अंडी घालते, अळी गर खाते आणि मग फळाबाहेर पडून जमिनीत कोषावस्थेत जाते. त्यामुळे पीक संरक्षणाच्या सल्ल्यात फवारणीइतकेच महत्त्व झाडाखालची पडकी फळे वेचून नष्ट करण्याला आणि बुंध्याभोवतीची माती हलवून कोष उघडे पाडण्याला असते. फळ आणि माशी यांचा संबंध कोणालाही दिसतो. माशी आणि माती यांचा दिसत नाही, कारण वर्षाचा बराच काळ तिथे माशी नावाची वस्तूच नजरेस पडत नाही. परागीभवनाचे याच्या उलट आहे. बोराच्या बारीक पिवळसर फुलांवर माश्या, गांधीलमाश्या, मुंग्या, मधमाश्या अशी सगळी गर्दी असते आणि बोराच्या अनेक जाती स्वतःच्या परागाने नीट फळत नाहीत. या गर्दीत कामाचा कोण आणि नुसता पाहुणा कोण, हे पाहून सांगता येत नाही. काही फांद्यांना जाळी बांधून कीटक अडवायचे, काही मोकळ्या ठेवायच्या आणि फळधारणा मोजायची, हाच मार्ग उरतो.

जाळी बांधणे ही कृती आधुनिक असली, तरी तिच्यामागचा विचार भारतीय तर्कशास्त्रात फार आधी नेटका मांडलेला आहे. एक असताना दुसरे असणे हा अन्वय आणि एक नसताना दुसरे नसणे हा व्यतिरेक, दोन्ही हवेत. नैयायिक, म्हणजे न्यायशास्त्राचे पंडित, एवढ्यावर थांबले नाहीत. सतराव्या शतकातल्या विश्वनाथाच्या ‘भाषापरिच्छेदा’त अन्यथासिद्धांचे पाच प्रकार दिले आहेत, म्हणजे कार्याच्या आधी हजर असूनही ज्यांना कारण म्हणता येत नाही असे. घड्याच्या बाबतीत माती, चाक, दंड ही कारणे. दंडाचा रंग कारण नाही, कुंभाराचा बाप कारण नाही, आणि माती वाहून आणणारे गाढवही नाही, कारण त्या गाढवावाचून इतर घडे होतातच. बापाला बाद करण्यात थोडा विनोद आहे आणि खोल विचारही, कारण साखळी मागे नेत गेले तर कशालाही कशाचेही कारण ठरवता येईल. याच परंपरेतली दुसरी कल्पना उपाधीची. विस्तव आहे म्हणून धूर असेलच असे नाही, त्याला ओले सरपण लागते. दोन गोष्टींच्या सोबतीमागे लपलेली ही तिसरी अट शोधून काढणे, हेच पुढे संख्याशास्त्राचे मोठे काम झाले. भीमाचार्य झळकीकरांचा ‘न्यायकोश’ चाळला तर या संज्ञांवर किती बारकाईने वाद झाले ते दिसते.

संख्याशास्त्रात सहसंबंधाचा गुणक हाती आल्यावर सोबत मोजणे फार सोपे झाले आणि म्हणून धोक्याचेही. उडनी यूल याने १९२६ मध्ये दाखवले की, इंग्लंडमधले चर्चमध्ये होणाऱ्या विवाहांचे प्रमाण आणि मृत्युदर यांचा गुणक ०.९५ च्या आसपास येतो. दोन्ही आकडे वर्षानुवर्षे उतरत होते, एवढेच त्यांच्यात साम्य. असे फसणे टाळण्यासाठी रोनाल्ड फिशरने शेतावरच्या प्रयोगांत वाफ्यांना खत-बियाणे चिठ्ठी टाकून नेमून देण्याची रीत घालून दिली. जमिनीचा कस, उतार, ओल अशा न दिसणाऱ्या उपाध्या त्यामुळे सगळ्या वाफ्यांत विखुरतात. भारतातल्या कृषी संशोधकांच्या पिढ्या ही रीत वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांच्या १९५४ च्या पाठ्यपुस्तकातून शिकल्या.

तलावाला चिठ्ठी टाकता येत नाही. मेहरूण तलावात गणेशविसर्जन होते. अशा तलावांच्या अभ्यासात विसर्जनाआधीचे आणि नंतरचे पाण्याचे नमुने ताडून पाहण्याची पद्धत रूढ आहे. क्षार, गढूळपणा, धातू वाढले की दोष मूर्तींच्या रंगाला आणि प्लास्टरला दिला जातो. तो बहुधा योग्यही असतो. पण विसर्जन भाद्रपदात येते, पावसाळा त्या सुमाराला सरत असतो आणि ओढ्यांनी आणलेला गाळ व शहराचे सांडपाणी त्याच दिवसांत तलावात असते. विसर्जन न होणारा शेजारचा एखादा तलाव त्याच तारखांना मोजला नाही, तर नैयायिकाने इथे सरळ उपाधी दाखवून दिली असती. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात डेव्हिड शिंडलर यांना अख्खे तलाव प्रयोगासाठी मिळाले होते. १९७३ मध्ये त्यांनी २२६ क्रमांकाचा तलाव मधोमध पडदा घालून विभागला. एका बाजूला कार्बन आणि नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला त्यांच्या जोडीला फॉस्फरस. फॉस्फरसची बाजू शेवाळाने हिरवीगार झाली आणि दुसरी स्वच्छ राहिली. शेवाळ माजण्याला कोणते द्रव्य जबाबदार, हा वाद त्या दृश्याने बराचसा मिटवला. धुण्याच्या पावडरीतल्या फॉस्फेटवर बंधने येण्यामागे हा पुरावा होता.

जीवसमुदायाच्या शास्त्रात एक गाजलेला वाद आहे. जारेड डायमंड यांनी १९७५ मध्ये न्यू गिनीजवळच्या बिस्मार्क बेटांवरच्या पक्ष्यांवरून मांडले की, काही जोड्या एका बेटावर कधीच एकत्र नसतात आणि याचे कारण स्पर्धा आहे. १९७९ मध्ये कॉनर आणि सिम्बरलॉफ यांनी साधा प्रश्न विचारला : पक्षी बेटांवर नुसते यदृच्छेने वाटले गेले असते तर अशा किती जोड्या दिसल्या असत्या? त्यांच्या मते, त्याहून फारशा जास्त नाहीत. वाद पुढे बरीच वर्षे चालला. पण सोबत किंवा ताटातूट यांना अर्थ चिकटवण्याआधी ‘काहीच संबंध नसता तर काय दिसले असते’ हे आधी मांडून पाहायची शिस्त तेव्हापासून रुजली. कोश-वाचकाला दोन्ही बाजूंपेक्षा ही शिस्तच अधिक उपयोगाची.

मानसशास्त्रात हाच मुद्दा उंदरांवर तपासला गेला. पाव्हलॉव्हपासूनची समजूत अशी की, घंटा आणि अन्न पुरेशा वेळा एकत्र आले की मनात जोड तयार होते. रॉबर्ट रेस्कोर्ला यांनी १९६८ मध्ये ध्वनीबरोबर जेवढ्या शक्यतेने विजेचा धक्का दिला तेवढ्याच शक्यतेने तो ध्वनीविनाही दिला. सोबत तीच राहूनही उंदीर ध्वनीला घाबरायला शिकले नाहीत. व्यतिरेकाचा हिशेब उंदीरही ठेवतो, असा त्याचा अर्थ.

जीवरसायनात कार्यसंबंध हा आता सर्वांत मोठ्या प्रमाणावर गोळा केला जाणारा माल आहे. जाकोब आणि मोनो यांनी १९६१ मध्ये आतड्यातल्या एका जिवाणूत लॅक्टोज पचवण्याची जनुके शेजारी-शेजारी असून एकाच कळीने चालू-बंद होतात हे मांडले. तिथे शेजार आणि कार्य खरोखर एकच होते. नंतर असंख्य जीवांचे जनुकसंच वाचले गेले आणि १९९९ मध्ये पेलेग्रिनी व सहकाऱ्यांनी वेगळी युक्ती सुचवली : दोन प्रथिने जीवांच्या लांबलचक यादीत एकत्रच आढळत असतील आणि एकत्रच गायब असतील, तर ती एकाच कामात गुंतलेली असावीत. ‘स्ट्रिंग’ हा आंतरराष्ट्रीय माहितीसंग्रह असे अनेक पुरावे जमवतो : जनुकांचा शेजार, एकत्र आढळ, एकाच वेळी व्यक्त होणे, प्रयोगशाळेतले निष्कर्ष आणि शोधनिबंधांतला एकत्र उल्लेख. या सर्वांवरून तो प्रत्येक जोडीला शून्य ते एक यांमधला गुण देतो. दोन प्रथिने एकमेकांना प्रत्यक्ष चिकटतात की एकाच कामाच्या दोन टोकांना असतात, हा फरकही तो वेगळा नोंदवतो. यातला निबंधांचा पुरावा जपून घ्यावा. ज्या प्रथिनांवर जास्त लिहिले जाते त्यांचे ‘संबंध’ही जास्त दिसतात, आणि ते प्रथिनांइतकेच संशोधकांच्या आवडीनिवडीचेही चित्र असते.

मेंदूच्या अभ्यासात भरत बिस्वाल यांनी १९९५ मध्ये, माणूस स्वस्थ पडून असतानाही डाव्या-उजव्या बाजूच्या हालचालकेंद्रांतले चढउतार एकमेकांशी जुळतात हे दाखवले. कार्ल फ्रिस्टन यांनी नुसते जुळणे आणि एका भागाचा दुसऱ्यावरचा प्रभाव यांना मुद्दाम दोन वेगळी नावे दिली. ही खबरदारी रास्त ठरली. तपासणीत माणसाचे डोके किंचित हलले तरी खोटे जुळणे तयार होते, हे २०१२ च्या सुमारास उघड झाले आणि आधीचे बरेच निष्कर्ष पुन्हा तपासावे लागले.

पुरातत्त्वज्ञाला प्रयोगच करता येत नाही. त्याच्याकडे असतो तो थर. घोड नदीकाठच्या इनामगावला (जि. पुणे) डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी, तीत एक स्त्रीमूर्ती, वर डोके नसलेली दुसरी स्त्रीमूर्ती आणि एक बैल असे सापडले. या तिघांची नुसती सोबत पुरेशी नव्हती. पण बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक होते. काडी घातली की मूर्ती बैलावर बसते. जुळणारी भोके ही कार्यसंबंधाची याहून पक्की साक्ष विरळा. तिथलेच पाच खोल्यांचे घर आणि त्याला लागून असलेले कोठार यांवरून ते गावप्रमुखाचे घर असावे, असे अनुमान काढले गेले. ते संभाव्य आहे, पण भोकांच्या तोलाचे नाही. खानदेशातल्या पाटणे येथे (ता. चाळीसगाव) एस. ए. साळी यांना उत्तर पुराश्मयुगीन थरात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी मिळाले. त्यांचे वय सुमारे २५,००० वर्षे ठरले ते त्या थरातल्या सोबतीमुळेच. उलट १९७४ मध्ये दायमाबादला योगायोगाने मिळालेले प्रसिद्ध ब्राँझचे प्राणी व रथ शास्त्रशुद्ध उत्खननातून निघाले नाहीत, आणि त्यांच्या काळाबद्दलचा वाद त्यामुळेच शिल्लक राहिला. मायकेल शिफर यांनी १९७० च्या दशकात आणखी एक इशारा दिला : वस्तू सापडतात ती जागा बहुधा वापराची नसून टाकून दिल्याची असते.

समाजशास्त्रात खानदेशाने स्वतःचे उदाहरण पुरवले आहे. पांझरा, मोसम आदी नद्यांवरची फड पद्धती शेकडो वर्षांची आहे. नदीला बंधारा, त्यातून कालवा, आणि कालव्याखालच्या जमिनीचे मोठे तुकडे म्हणजे फड. एका फडात एका वर्षी एकच पीक. पुढच्या वर्षी फेरपालट. पीक एक असल्याने सगळ्या फडाला पाणी एकाच वेळी लागते, म्हणून पाणी शेतकरी स्वतः घेत नाही, पाटकरी देतो. जागल्या पिके राखतो, हवालदार देखरेख करतो. ज्याची जमीन वेगवेगळ्या फडांत आहे त्याला फेरपालटीचा फटका एकदम बसत नाही. पाणी कमी असेल तर फड कमी होतात. यातली कोणतीही एक गोष्ट सुटी काढून समजत नाही, आणि विहिरी व वरच्या बाजूची धरणे आल्यावर कोणत्या गोष्टी कोणत्या गोष्टींना धरून होत्या ते दिसले. ज्याच्याकडे विहीर होती त्याला फडाच्या पिकाची गरज उरली नाही, मग पाटकऱ्याच्या पाळीचीही नाही.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथाने बलुतेदारीचे असेच बारीक वर्णन केले, पण तिच्या ओझ्याचेही. पुढे कार्यवादी मानवशास्त्राचा प्रभाव वाढला तेव्हा सुतार, लोहार, चांभार, महार यांची कामे गावाच्या देहातल्या अवयवांसारखी मांडली जाऊ लागली. या मांडणीत एक प्रश्न गळतो : कार्य कोणासाठी? वेठबिगारी पाटलाच्या उपयोगाची होती यात शंका नाही. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात वंशपरंपरागत गावकामांविषयीच्या १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक मांडले. गाव महारांच्या चोवीस तासांच्या चाकरीवाचून चालणार नाही, हा दावा त्यांना मान्य नव्हता. विधेयक तेव्हा तडीस गेले नाही. १९५८ च्या कायद्याने मुंबई राज्यातली कनिष्ठ ग्रामवतने रद्द झाली, मानधनावरचे कोतवाल आले आणि सारावसुली व गावकामगारांची कामे चालू राहिली.