चेहऱ्यावरून माणूस जोखण्याचा उद्योग

चेहऱ्यावरून स्वभाव आणि कुळ सांगण्याला शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली ती एकोणिसाव्या शतकात. इटलीचा गुन्हेशास्त्रज्ञ लोंब्रोसो याने 1876 मध्ये जन्मजात गुन्हेगाराची शारीरिक लक्षणे मांडली. भारतात त्याआधीच, 1868 पासून, ‘द पीपल ऑफ इंडिया’ या आठ खंडांतून जातीजमातींचे फोटो स्वभाववर्णनासह छापले जाऊ लागले होते. 1891 च्या सुमारास ब्रिटिश अधिकारी हर्बर्ट रिस्लीने नियमच सांगितला: नाक जितके रुंद, तितका जातीचा दर्जा खालचा.

मालवणचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी 1932 मध्ये रिस्लीचेच आकडे पुन्हा तपासले. संयुक्त प्रांताबाहेर, मुंबई इलाख्यातही, हा नियम टिकत नव्हता. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांची परीक्षा अधिक अवघड होती. बर्लिनमध्ये त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांना कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या असमानतेत युरोपीयांच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण दिसत होती. कर्वे यांनी 149 कवट्या मोजल्या आणि वंशाशी या असमानतेचा संबंध नसल्याचा निष्कर्ष मांडला. गुरूच्याच संस्थेत हे लिहायला धाडस लागते. पुढे डेक्कन कॉलेजात त्यांनी स्वतः मापे घेणे सोडले नाही, हेही खरे. पण 1968 मध्ये के. सी. मल्होत्रा यांच्यासह आठ ब्राह्मण पोटजाती तपासल्या, तेव्हा एकाच नावाखालचे हे गट एकमेकांपासून वेगळे निघाले.

संगणक आल्यावर जुना दावा नव्या वेषात परतला. शांघायच्या दोन संशोधकांनी 2016 मध्ये फोटोवरून गुन्हेगार ओळखता येतो असे म्हटले. गुन्हेगारांचे फोटो ओळखपत्रांचे, इतरांचे इंटरनेटवरचे; यंत्र हसरा चेहरा आणि शर्टाची कॉलर पाहत असावे, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला.

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात देशाच्या अनेक भागांतून कामगार येतात. अशा ठिकाणी हजेरीसाठी यंत्राने चेहरा नोंदलेल्या फोटोशी जुळवणे हे एक काम, त्यावरून प्रांत किंवा प्रामाणिकपणा ठरवणे हे निराळेच. पहिल्यातली चूक दाखवता येते. प्रामाणिकपणा ताडून पाहायला मात्र मूळ नोंदच नसते. ज्या गुणाची पडताळणी होऊ शकते, तिथेही यंत्रे घसरली आहेत. जॉय ब्युओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या संशोधकांनी 2018 मध्ये फोटोवरून स्त्री की पुरुष हे सांगणाऱ्या तीन व्यवस्था तपासल्या. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चुका फार तर 0.8 टक्के होत्या, काळ्यासावळ्या स्त्रियांच्या बाबतीत 34.7 टक्क्यांपर्यंत गेल्या. तपासणीसाठी पूर्वी वापरले जाणारे फोटोसंग्रहही बहुतांशी गोऱ्या चेहऱ्यांचे होते, त्यामुळे ही तफावत आधी उघड झाली नव्हती.