भुकेचं दुखणं ओळखणारा वैद्य

पानथरी म्हटली की आपल्याला मलेरिया आठवतो. त्या तापात ती सुजते. डॉक्टर सांगतात, ती रक्त गाळते. चीनच्या जुन्या वैद्यकात मात्र तिच्याकडे निराळंच काम होतं. खाल्लेल्या अन्नातला कस काढायचा आणि अंगभर पोचवायचा. म्हणजे घरातली वाढणारी बाईच म्हणा ना!

ली दोंगयुआन हा तिथला श्रीमंत घरचा मुलगा. आई आजारी पडली. बरेच वैद्य आले, प्रत्येकाचं निदान वेगळं. आई गेली, पण दुखणं काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. मग हा स्वतःच वैद्यकी शिकला.

१२३२ साली मंगोल सैन्याने कायफंग शहराला वेढा घातला. वेढा उठल्यावर माणसं तापाने पटापट मरू लागली. वैद्य म्हणाले, बाहेरची थंडी बाधली. आणि घामाची, जुलाबाची औषधं दिली. आधीच रिकामं अंग, त्यात जुलाब! लीचं म्हणणं वेगळं होतं : दोन-तीन महिने धड अन्न नाही, कष्ट, धास्ती, यानं पानथरी आणि जठर खचलं, त्यात एकदम पोटभर जेवण. हा ताप आतला आहे, याला उपसू नका, भरा.

१२४९ साली त्याने पानथरी आणि जठरावर ग्रंथच लिहिला. त्याच्या काढ्यात जिनसेंग, ज्येष्ठमध, संत्र्याची वाळकी साल असते. चिनी वैद्य तो काढा आजही देतात.