गिरण्यांनंतरचे लोवेल : एका नगराच्या पुनर्वसतीचा इतिहास

औद्योगिक नगराचा इतिहास बहुधा त्यातील उद्योगाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. उद्योगाची स्थापना, उत्कर्ष आणि अस्त ही तीन प्रकरणे पूर्ण झाली, की नगराचीही कथा संपली असे गृहीत धरण्यात येते. परंतु गिरणी बंद पडली म्हणून नगर ओस पडतेच असे नाही. घरे, रस्ते, शाळा, प्रार्थनामंदिरे मागे उरतात. आणि कालांतराने त्या घरांत अशी माणसे येऊन राहू लागतात, की ज्यांचा जुन्या उद्योगाशी काडीचाही संबंध नसतो. ती का येतात, आणि त्या नगरावरील त्यांचा अधिकार केव्हा मान्य होतो, या प्रश्नांचा विचार करण्यास अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील लोवेल हे नगर विशेष उपयुक्त आहे.

मेरिमॅक नदीवरील पॉटकेट धबधब्यापाशी पाणी सुमारे ३२ फूट खाली उतरते. या उताराच्या बळावर बोस्टनच्या भांडवलदारांनी येथे कालवे काढून कापडगिरण्या उभारल्या. मेरिमॅक कंपनीच्या गिरणीतून १८२३ मध्ये कापड निघू लागले, आणि १८२६ मध्ये या वसाहतीला फ्रान्सिस कॅबट लोवेल याचे नाव मिळाले. तो मात्र १८१७ मध्येच निवर्तला होता. १८५० पर्यंत लोकसंख्या ३३,३८३ झाली. म्हणजे हे नगर प्रारंभापासूनच बाहेरून आलेल्यांचे नगर होते. ज्याला 'मूळचे रहिवासी' म्हणावे असे तेथे फारच थोडे होते.

प्रथम आल्या त्या न्यू इंग्लंडमधील शेतकऱ्यांच्या मुली. त्यांच्यासाठी कंपन्यांनी वसतिगृहे बांधली. रात्री केव्हा परतावे, येथपासून रविवारच्या प्रार्थनेपर्यंत सर्व गोष्टींचे नियम घालून दिले. तथापि या मुली केवळ आज्ञाधारक नव्हत्या. वेतन कमी केल्यामुळे १८३४ मध्ये, तर वसतिगृहाचा आकार वाढविल्यामुळे १८३६ मध्ये त्यांनी काम बंद पाडले. कालवे खणणारे आयरिश मजूर आधीपासूनच तेथे होते. आयर्लंडमधील १८४५ नंतरच्या दुष्काळाने त्यांची संख्या वाढली. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात लोवेलच्या अनेक गिरण्यांनी साठवलेला कापूस विकून टाकला आणि कामगारांना काढले. त्याच कापूसटंचाईमुळे मुंबई बंदरातून वऱ्हाड-खानदेशचा कापूस चढ्या भावाने परदेशी जात होता. एकाच बाजाराच्या उलथापालथीने दोन दूरच्या नगरांचे भाग्य कसे विरुद्ध दिशांना वळले, याचे हे उदाहरण लक्षात ठेवण्याजोगे आहे.

युद्धानंतर क्वेबेकहून फ्रेंच भाषक आले, आणि त्यांच्या मागोमाग ग्रीक, पोर्तुगीज व पोलिश लोक. प्रत्येक समाजाने आपले देवालय, आपले दुकान आणि साधल्यास आपले वृत्तपत्र उभे केले. फ्रेंच वस्तीला 'लहान कॅनडा' असे नाव पडले. कादंबरीकार जॅक केरुअॅक याचा जन्म याच फ्रेंच भाषक समाजात १९२२ मध्ये झाला; घरची भाषा फ्रेंच असल्याने इंग्रजी त्याला पुढे, बालपणी, शिकावी लागली. गिरणीचा भोंगा सर्वांचा एक असला तरी घरच्या भाषा अनेक होत्या, ही लोवेलची स्थायी अवस्था म्हणावी लागेल.

१९२० मध्ये लोकसंख्या १,१२,७५९ होती. त्यानंतरच्या दशकात अनेक कंपन्या बंद पडल्या, काहींनी दक्षिणेकडील राज्यांची वाट धरली. १९५० नंतर मेरिमॅक आणि बूट याही गिरण्या थांबल्या. १९८० मध्ये लोकसंख्या ९२,४१८ वर आली. मात्र २०२० च्या जनगणनेत ती १,१५,५५४ भरली, म्हणजे गिरण्यांच्या भर काळाहूनही अधिक. उद्योग गेल्यावर माणसे परत आली, ही वस्तुस्थिती स्पष्टीकरण मागते.

तिची तीन कारणे दिसतात. पहिले, जुनी कामकरी घरे स्वस्त होती आणि परक्याला सामावून घेण्याची व्यवस्था नगरात पूर्वापार चालत आली होती. दुसरे, नवे रोजगार. १९७६ मध्ये वांग लॅबोरेटरीज या संगणक कंपनीने आपले मुख्यालय येथे आणले. कंपनीने १९९२ मध्ये दिवाळे काढले, परंतु तोवर आलेली कुटुंबे स्थिरावली होती. तिसरे, शिक्षण. गिरण्यांच्या काळातील वस्त्रविद्येची शाळा व अध्यापनशाळा यांच्या वारस संस्था १९७५ मध्ये एकत्र येऊन विद्यापीठ झाले. ते १९९१ पासून राज्य विद्यापीठाचा भाग आहे.

१९८० नंतर पोल पॉटच्या राजवटीतून वाचलेले कंबोडियन निर्वासित मोठ्या संख्येने येथे आले. आज त्यांची ही वस्ती अमेरिकेतील कंबोडियन वस्त्यांत आकाराने दुसरी गणली जाते. फ्रेंच व ग्रीक मुलांनंतर आता ख्मेर व स्पॅनिश बोलणारी मुले शाळेत बसली. द्विभाषिक शिक्षणाचा कायदा या राज्याने १९७१ मध्येच केला होता. २००२ च्या सार्वमताने तो मोडून इंग्रजीचा आग्रह धरला, आणि २०१७ मध्ये पुन्हा मोकळीक दिली. घरची भाषा शाळेत आणावी की दारातच ठेवावी, हा वाद या नगराला नवा नव्हता. कायद्याने त्याला केवळ नवे रूप दिले.

दरम्यान १९७८ मध्ये लोवेल येथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान स्थापन झाले. बूट गिरणीत जुने माग पुन्हा चालू करून दाखविण्यात आले. हे कार्य निःसंशय मोलाचे आहे. परंतु जपण्याची बुद्धी होण्यापूर्वीच, १९६० नंतरच्या नगरसुधारणेत 'लहान कॅनडा' जमीनदोस्त झाला होता. ग्रीक वस्तीचा मोठा भाग त्याही आधी, सरकारी घरांच्या योजनेत गेला. तेथील बायझंटाइन शैलीचे देवालय तेवढे उभे आहे. परिणामी मालकांनी विटांत बांधलेले पुष्कळ उरले, भाडेकरूंनी लाकडी घरांत जगलेले थोडे. वारशाचे जतन करताना कोणाचा वारसा जपला जातो, हे अगोदर काय पाडले गेले यावरही अवलंबून असते.

अधिकाराचा प्रश्न तर आणखी उशिरा सुटू लागला. संपूर्ण नगराचे मिळून एकच मतदान घेण्याच्या पद्धतीमुळे, श्वेतेतर लोकसंख्या जवळजवळ निम्मी असूनही २०१७ मध्ये नगरपरिषदेत सर्व सभासद गोरे होते. त्या वर्षी आशियाई व लॅटिन अमेरिकी वंशाच्या रहिवाशांनी दावा लावला. २०१९ मध्ये तडजोड झाली आणि २०२१ ची निवडणूक विभागवार घेण्यात आली. जानेवारी २०२२ मध्ये सोखारी चाऊ हे महापौर झाले. अमेरिकेतील कोणत्याही नगराचे ते पहिले कंबोडियन वंशाचे महापौर होत.

यावरून असे दिसते, की उद्योग मावळलेल्या नगरात घर मिळणे आणि नगर आपले होणे या दोन भिन्न घटना आहेत, आणि त्यांच्यामध्ये एका पिढीहून अधिक काळ जाऊ शकतो. पहिली घटना भाड्याच्या दरावरून समजते. दुसरी शाळेतील भाषा, मतपेटी आणि पाडलेल्या वस्त्यांची यादी यांतून शोधावी लागते. गिरण्या बंद झालेल्या कोणत्याही नगराचा अभ्यास करणाऱ्याने या तिन्ही साधनांकडे पाहिल्याखेरीज आपले शेवटचे प्रकरण लिहू नये.